लंकेला जाऊ की एकदा

माझ्या शेजारीणबाईंनी मला श्रीलंका दाखवली ती त्यांच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटावर पांढरी चादर अडकवून. मे महिन्यातला रविवार होता, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं आणि आम्ही दोघं खिडक्या बंद करून, अंधार करून बसलो होतो. प्रोजेक्टर त्यांच्या यजमानांचा, स्लाइड्सही त्यांनीच काढलेल्या. यजमानांना जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती.

स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन उपनगरातल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमची दारं समोरासमोर होती. त्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या, मी छत्तीसचा. मी त्यांना आडनावाने हाक मारायचो आणि त्या मला. माझं आडनाव त्यांच्या तोंडी कधीच नीट बसलं नाही. पण त्या दर वेळी नव्याने प्रयत्न करायच्या, म्हणून मी सुधारणं सोडून दिलं. त्यांची मुलगी हाम्बुर्गला होती. ती फोन करायची, यायची नाही. माझी आई पुण्याला होती. ती फोन करून 'कधी येतोस' विचारायची. माझं लग्न जमवायचा नाद तिने नुकताच सोडला होता, त्यामुळे आम्हाला बोलायला विषय कमी पडायचे.

कामावर माझा दिवस टेस्ट-बेंचपाशी जायचा. गाडीच्या सस्पेन्शनचे सुटे भाग यंत्रात अडकवायचे, यंत्र ते लाखो वेळा हलवणार, आणि कुठला भाग कधी तुटला ते मी लिहून ठेवणार. आवाज इतका की कान झाकूनच बसावं लागे. सहकारी सगळे सज्जन. सकाळी 'मॉर्गन', जेवताना 'माल्त्साइट', निघताना 'फायराबेंड', एवढ्या तीन शब्दांवर माझे आठवडेच्या आठवडे निघाले आहेत. शुक्रवारी संध्याकाळी बंद झालेलं तोंड सोमवारीच उघडायचं. स्टुटगार्टात मराठी मंडळी होती, गणपतीला जमायची. पण तिथे सगळे जोडीने येणार, पोरं कोपऱ्यात जर्मनमध्ये भांडणार, आणि कुणीतरी माझ्या हातात मोदकाची ताटली देत विचारणार, "एकटेच?" दोन वर्षं या प्रश्नाला हसून उत्तर दिलं, तिसऱ्या वर्षी गेलोच नाही. मी तसा तिरसट माणूस आहे, हे मला मान्य आहे.

बाईंशी ओळख झाली ती पार्सलमुळे. मी घरी नसताना आईने पाठवलेला मेतकुटाचा आणि गोड्या मसाल्याचा खोका पोस्टमनने त्यांच्याकडे ठेवला. संध्याकाळी तो दोन्ही हातांनी धरून त्या माझ्या दारात आल्या आणि म्हणाल्या, "याचा वास माझ्या सबंध घराला लागला आहे. हा वास मला माहीत आहे, पण कुठला ते आठवत नाही." दुसऱ्या दिवशी त्यांना आठवलं. कँडीच्या बाजाराचा. पुढच्या रविवारी साडेतीन वाजता त्यांनी मला कॉफीला बोलावलं आणि तेव्हापासून दर रविवारी साडेतीनला मी त्यांच्याकडे असायचो. साडेतीन म्हणजे साडेतीन. तीन पस्तीसला गेलो तर त्या दाराशी उभ्या सापडायच्या.

तर त्या स्लाइड्स. सत्तरच्या दशकाच्या शेवटी हे नवरा-बायको लंकेला तीन आठवडे फिरून आले होते. एका बोटाने बटण दाबायचं, खट्ट आवाज होऊन चित्र बदलायचं. दंबुल्ल्याची लेणी आली. तापलेल्या कातळावरून अनवाणी चालताना बाईंची उडालेली तारांबळ यजमानांनी न चुकता टिपली होती. मग सिगिरिया. रानातून एकदम वर आलेला एकच प्रचंड खडक, त्याच्या निम्म्या उंचीवर सिंहाचे दगडविटांचे दोन पंजे. पूर्वी म्हणे अख्खा सिंह होता आणि त्याच्या तोंडातून वर जायचा जिना होता. आता पंजेच राहिलेत. त्या पंजांच्या मधोमध तिशी-पस्तिशीच्या बाई फुलाफुलांचा झगा घालून उभ्या होत्या. कड्याच्या पोटात रंगवलेल्या अप्सरा होत्या, पण त्या धूसर आल्या होत्या. "तिथे माझ्या नवऱ्याचा हात हलला," बाई म्हणाल्या. "गेनाऊ, नेमका तिथेच का हलला, हे मी त्याला पुष्कळदा विचारलं."

कँडीतलं बुद्धाच्या दाताचं देऊळ आलं. दात कुणालाच दिसत नाही, सोन्याच्या करंडकात करंडक, त्यात करंडक, असा तो आत कुठेतरी आहे. लोक तरी पांढरी फुलं घेऊन तासन्तास रांगेत उभे. हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. पेरादेनियाच्या बागेतलं एक झाड आलं. त्याच्या फांद्यांची सावली एका स्लाइडमध्ये मावेना, म्हणून त्याच्या तीन स्लाइड्स. गाल्लचा समुद्रकाठचा किल्ला आला, तटावर पतंग उडवणारी माणसं आली. मी आमच्या सिंधुदुर्गाबद्दल दोन वाक्यं बोललो. त्यांनी प्रोजेक्टर थांबवून ती ऐकून घेतली. माझी दोन वाक्यं कुणी काम थांबवून ऐकली, याचं मला किती बरं वाटलं ते सांगायला आज संकोच वाटतो.

मग एक कोरी स्लाइड आली. नुसता पांढरा उजेड. मला वाटलं, संपलं. मी टाळी वाजवायच्या बेतात होतो.

"आणि हे वर्ल्ड्स एंड," बाई म्हणाल्या.

नुवारा एलियाच्या वरच्या अंगाला हॉर्टन प्लेन्सचं माळरान आहे. गवताळ, थंडगार. चालत चालत गेलं की ते माळरान अचानक संपतं आणि पायाखाली आठ-नऊशे मीटरचा सरळ कडा तुटतो. खाली चहाचे मळे, आणि हवा स्वच्छ असेल तर दूर दक्षिणेला समुद्राची रेघ. फक्त तिथे सकाळी लवकर पोचावं लागतं. नऊ-दहा वाजता खालून धुकं चढतं आणि सगळं पुसून टाकतं. हे दोघं पोचले अकराला. यजमानांनी त्या धुक्याचाच फोटो काढला आणि म्हणाले, पुढच्या वेळी लवकर निघू. मग लंकेत युद्ध सुरू झालं ते पंचवीस-सव्वीस वर्षं चाललं. ते संपलं तेव्हा यजमान आजारी होते.

"त्या धुक्यामागे काय आहे ते मला बघायचं आहे," बाई म्हणाल्या. "दुसरं काही राहिलं नाही. पण एकटीने जायला धीर होत नाही."

मला भरून आलं. सह्याद्रीत भटकलेल्या माणसाला धुक्याचं एरवी काय कौतुक? कोकणकड्यावर मीही दोनदा नुसतं पांढरं बघून परत आलो आहे. त्या भरात मी म्हणालो, "त्यात काय, जाऊ की एकदा. मी येतो तुमच्याबरोबर."

आता हे वाक्य आपण दिवसातून दहा वेळा बोलतो. 'या एकदा जेवायला', 'जाऊ की एकदा कोकणात', 'भेटू नक्की'. ऐकणाऱ्यालाही ठाऊक असतं की हा माणूस आपल्याला फक्त आपुलकी देतो आहे, तारीख देत नाही. ऐकणारा 'हो हो, नक्की' म्हणतो आणि दोघं सुखाने आपापल्या घरी जातात. मी हेच वाक्य जर्मनमध्ये बोललो. बाईंनी दिवा लावला, चष्मा चढवला आणि भिंतीवरचं पुढच्या वर्षाचं, अजून कोरं असलेलं कॅलेंडर खाली काढलं. मे महिन्यात पुढच्या वर्षाचं कॅलेंडर जवळ बाळगणारी माणसं ती.

"तिथे कोरडी हवा जानेवारी ते मार्च," त्या म्हणाल्या. "जानेवारीचे शेवटचे दोन आठवडे. चालतील तुम्हाला?"

"जा," मी म्हणालो. मराठीत जा म्हणजे जा, जर्मनमध्ये जा म्हणजे हो. मी जे म्हणालो ते दोन्ही नव्हतं. पण त्यांनी त्या चौदा चौकोनांवर पेन्सिलीने रेघ मारली.

त्यानंतरचा उन्हाळा माझ्या जर्मनीतल्या वर्षांतला सगळ्यात चांगला गेला, हेही खरंच आहे. दर रविवारी एकेक ठिकाण. बाईंनी नवा नकाशा आणला, प्रवासाचं पुस्तक आणलं, त्यात रंगीत चिठ्ठ्या लावल्या. सिगिरियाला सकाळी सातला चढायला लागायचं, म्हणजे ऊन लागणार नाही. कँडीहून वर जाताना आगगाडीत उजव्या बाजूला बसायचं. हॉर्टन प्लेन्सला पहाटेच निघायचं, त्यात तडजोड नाही. गुडघा बरा राहावा म्हणून त्या रोज आमच्या इमारतीचे तिन्ही जिने दोनदा चढायच्या. मला ते पावलांचे आवाज दारातून ऐकू यायचे. मीही हिरिरीने त्यात पडायचो, कुठली गाडी कुठे बदलायची ते काढून द्यायचो. मला तो बेत फार आवडायचा. पण त्या बेतात प्रत्यक्ष उठून जायचं आहे, हे मी मनाला कधी शिवूच दिलं नाही. आमच्या घरी कितीतरी सहली अशाच चहाबरोबर होऊन गेल्या आहेत.

कारण माझी रजा माझी नव्हती. ती आईची होती. वर्षाची सगळी रजा साठवायची आणि जानेवारीत पुण्याला जायचं, हे नऊ वर्षं चालू होतं. आईला काय सांगणार? या खेपेला येत नाही, शेजारच्या जर्मन आजींबरोबर लंका फिरायला चाललो आहे? मी हे वाक्य मनात एकदाच म्हणून बघितलं आणि परत कधी म्हटलं नाही.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी बाई सहज म्हणाल्या, "आमचं चालणाऱ्यांचं मंडळ फेब्रुवारीत श्रीलंकेला जातंय. एकच जागा उरली होती, त्यांनी मला विचारलं."

माझा जीव भांड्यात पडला. सुटलो, असं वाटलं.

"मी नको म्हणून कळवलं," त्या म्हणाल्या. "म्हटलं, माझं ठरलेलं आहे. आणि मंडळवाले वर्ल्ड्स एंडला दुपारी जाणार आहेत, मूर्ख कुठले."

तेव्हा बोलायला हवं होतं. जागा त्या आठवड्यात तरी परत मिळाली असती. मी तोंडातला प्लमचा केक गिळला आणि म्हणालो, "छान."

ऑफिसात पुढच्या वर्षाच्या रजेचा तक्ता नोव्हेंबरच्या सुरुवातीला भिंतीवर लागायचा. मी जानेवारीच्या त्या चौदा दिवसांवर नाव टाकलं. शेजारच्या टेबलावरच्याने विचारलं, कुठे? मी म्हणालो, घरी. त्याच रविवारी बाईंना सांगायचं ठरवलं. पण 'मी येणार नाही' हे तीन शब्दांचं वाक्य मला येईना. आपण नाही कधी सरळ म्हणत नाही, त्याला काहीतरी कारण लागतं, आणि कारणही असं की समोरच्याने आपलीच समजूत काढावी. मी आईला आजारी पाडलं. म्हणालो, "आईची तब्येत ठीक नाही. मला जानेवारीत पुण्याला जावं लागेल."

बाईंनी हातातला नकाशा घडी करून ठेवला. "साहजिक आहे," त्या म्हणाल्या. "आई आधी." मग थोड्या वेळाने, "तुम्ही काळजीत असाल आणि मी इथे तुम्हाला आगगाड्या दाखवत बसले." मला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

आणि तीन आठवड्यांनी आईचा फोन आला. आवाज खणखणीत.

"अरे ऐक, तू जानेवारीतलं तिकीट काढलं नाहीस ना अजून? मग मार्चमध्ये ये. आम्ही योगासनांच्या वर्गातल्या बारा जणी श्रीलंकेला चाललोय. ती टूरवाली मंडळी नेतात बघ, सगळं व्यवस्थित. रोज वरणभात, निघताना लाडू-चिवड्याची पाकिटं. अशोकवन बघायचं आहे मला."

"आई, पण मी येणार होतो ना."

"तू येतोस आणि झोपतोस रे. मी बाहेर स्वयंपाकघरात असते आणि तू आत झोपलेला असतोस. मार्चमध्ये झोप." ती रागावलेली नव्हती. उलट खुशीत होती, नवे बूट कुठून घ्यायचे ते विचारत होती. फोन ठेवल्यावर मी मनात हिशेब केला. नऊ वर्षं मी तिच्यासाठी रजा राखून ठेवत होतो आणि ती माझ्यासाठी जानेवारी मोकळा ठेवत होती. दोघांनाही त्याचा कंटाळा आला होता, फक्त तिने तो आधी बोलून दाखवला.

रजा बदलायला गेलो तर साहेब म्हणाले, तक्ता मंजूर झाला आहे, बाकीच्यांनी आपले दिवस त्याप्रमाणे लावले आहेत, आणि उरलेली रजा मार्चच्या आत संपवलेली बरी. बाईंना जाऊन सांगावं, तर काय सांगणार? आई बरी झाली? इतकी बरी झाली की लंकेला निघाली? मी रोज ठरवायचो, उद्या. डिसेंबरात बाईंनी मला पत्र्याचा एक डबा दिला. आत चांदण्यांच्या आणि चंद्रकोरींच्या आकाराच्या बिस्किटांचे पाच थर, मधे मेणकागद. "तुमच्या आईसाठी," त्या म्हणाल्या. "दालचिनीची वरच्या थरात आहेत, ती पचायला हलकी."

म्हणून मी पुण्याला गेलो. म्हणजे शनिवारी दुपारी दीड वाजता मोठी बॅग घेऊन जिना उतरलो. बाईंनी दारात उभं राहून हात हलवला आणि आईला नमस्कार सांगायला सांगितला. मी एस-बानच्या लोकलने स्टुटगार्टच्या मुख्य स्टेशनात गेलो आणि बॅगेत कुणाचा पाय अडकणार नाही अशा बेताने बाकावर बसलो. दर शनिवारी तीन ते पाच त्या चर्चच्या गायनाला जातात हे मला माहीत होतं. साडेतीनला परत आलो, बॅग उचलून तिसऱ्या मजल्यापर्यंत चवड्यांवर चढलो, आणि स्वतःच्या घरात चोरासारखा शिरलो.

चौदा दिवस मी तिथे लपून राहिलो. हे लिहिताना मलाही हसू येतं, तेव्हा येत नव्हतं. खिडक्यांची शटरं खालपर्यंत ओढलेली, दिवा फक्त न्हाणीघरात. त्या बाजारात गेल्या की मी नळ सोडायचो, कुकर लावायचो आणि शिट्टी व्हायच्या आत बंद करायचो. मोजे घालून चालायचो. बोलायला कुणी नव्हतंच, पण आता बोलायची सोयही नव्हती. आईचे फोटो भर दुपारी फोनवर येत. बारा जणी, बारा पांढरे बूट, सिंहाच्या पंजांमध्ये ओळीने उभ्या. कँडीच्या देवळात हातात फुलं घेऊन आई. पेरादेनियाच्या त्या झाडाखाली डबे उघडून बसलेल्या सगळ्याजणी. खाली लिहिलेलं, 'मजा येतेय. जेवलास का?' मी अंधारात बसून चांदणीच्या आकाराचं बिस्किट खात 'हो' असं लिहायचो. पहिल्या आठवड्यात बिस्किटांचे तीन थर संपले. नुवारा एलियाहून तिने चहाच्या मळ्याचा फोटो पाठवला आणि लिहिलं, 'वर कुठलासा मोठा कडा आहे म्हणे, पण तिथे नेलं नाही. फार चालायचं आहे.'

दुसऱ्या आठवड्यातल्या शनिवारी सकाळी दाराबाहेर पाण्याच्या बादलीचा आवाज आला. मग काहीतरी लाकडावर आपटलं, आणि मला एकदम आठवलं. स्टुटगार्टच्या या श्वाबेन मुलखात जिन्याची सफाई भाडेकरूंनी आळीपाळीने करायची असते. ज्याचा आठवडा त्याच्या दारावर 'केअरवोखे' अशी पाटी लटकते आणि त्याने पायऱ्या झाडून पुसून ती पाटी पुढच्या दारावर लावायची. आपण नसलो तर आधी कुणालातरी सांगून जायचं. तो आठवडा माझा होता आणि मी कुणालाच सांगितलं नव्हतं. पाटी माझ्या दारावर लटकत होती आणि बाई माझ्या पायऱ्या पुसत होत्या.

मी दारामागे उभा राहिलो. एक पायरी पुसून झाली की त्या थांबायच्या, कठड्याला धरून खाली उतरायच्या, गुडघा वाकवताना तोंडाने बारीकसा आवाज करायच्या. फडकं पिळायच्या. पुन्हा पुसायच्या. मी पाच पायऱ्या मोजल्या. सहाव्या पायरीला मला सहन होईना आणि मी दार उघडलं.

बाई वाकलेल्या होत्या, त्यांनी मान वर केली. माझी दाढी वाढलेली, पायात मोजे, शर्टावर बिस्किटाचा भुगा. त्या जराही दचकल्या नाहीत.

"आल्झो, तर मग," त्या म्हणाल्या. "आईची तब्येत कशी आहे?"

चौदा दिवसांत मी पहिल्यांदा तोंड उघडत होतो. खोटं बोलायलासुद्धा आवाज नीट निघेना.

"बरी आहे," मी म्हणालो. "ती श्रीलंकेला गेली आहे."

त्या ओल्या पायरीवर बसल्या. मग हळूच विचारलं, "वर्ल्ड्स एंडला?"

"नाही. तिथे नाही नेलं."

त्यांनी मान हलवली. त्यांना वाईट वाटलं होतं, माझ्या आईसाठी.

"तुम्ही आत आहात हे मला सोमवारपासून माहीत आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्या नळाचा आवाज माझ्या स्वयंपाकघरात येतो."

"मग तुम्ही पायऱ्या का पुसताय?"

"तुम्ही घरी नाही, असं तुम्हीच मला सांगितलं होतं. मग कोण पुसणार?"

मी माफी मागायला लागलो. जर्मनमध्ये, मग इंग्रजीत, आईचं, रजेचं, तक्त्याचं, सगळं एकात एक मिसळून सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. आमच्याकडे असं सहज बोलतात, त्याचा अर्थ तसा नसतो, हेही मी सांगितलं.

"सप्टेंबरमध्ये मंडळात एक जागा होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणाला असता तर मी ती घेतली असती. दुपारी तर दुपारी. नकाराचं मला काहीतरी करता येतं. तुमच्या त्या होकाराचं मी काय करू?"

मी त्यांच्या हातातलं फडकं घेतलं. त्यांनी ते दिलं, कठड्याला धरून उठल्या आणि आपल्या घरात गेल्या. उरलेल्या पायऱ्या मी तळमजल्यापर्यंत पुसल्या आणि पाटी त्यांच्या दारावर लावली.

त्यानंतरच्या रविवारी साडेतीनला मी गेलो नाही, त्यांनी बोलावलंही नाही. जिन्यात भेटलो की त्या पूर्वीसारख्याच माझं आडनाव म्हणायचा प्रयत्न करायच्या, हवेबद्दल एखादं वाक्य बोलायच्या. त्यात राग नव्हता. राग असता तर मी तो काढायचा काहीतरी मार्ग शोधला असता. फेब्रुवारीत त्यांचं मंडळ जाऊन आलं. मंडळातल्या कुणी त्यांना फोटो दाखवले का, ते मी विचारलं नाही. उन्हाळ्यात माझ्या लक्षात आलं की आता जिन्यात त्यांच्या दोन दोन फेऱ्यांची पावलं वाजत नाहीत.

मार्चमध्ये मी नव्या वर्षाच्या रजेतले थोडे दिवस घेऊन पुण्याला जाऊन आलो. आईने मला लंकेचे फोटो दोनदा दाखवले. मी झोपलो नाही, दोन्ही वेळा नीट बघितले. तिथेच मी मनाशी ठरवलं आणि आईला सांगूनही टाकलं, की पुढच्या जानेवारीत मी येणार नाही, शेजारच्या आजींना लंकेला नेणार आहे. ती म्हणाली, "ने की. लवकर सांगितलंस ते बरं केलंस." इतकं सोपं होतं ते.

नोव्हेंबरात तक्ता लागला त्या दिवशी पहिलं नाव मी टाकलं. मंजुरीचा कागद घेतला. हॉर्टन प्लेन्सपर्यंत गाडी जाईल, पुढे चालणं कमीत कमी कसं होईल, वाटेत कुठे बसता येईल, हे सगळं लिहून काढलं. तारखा घातल्या. रविवारी साडेतीनला त्यांच्या दाराची घंटा वाजवली. त्यांनी दार उघडलं, मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, कागद पुढे केले. त्यांनी चष्मा लावून ते दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले.

"नाइन," त्या म्हणाल्या. "पण धन्यवाद."

मी थांबलो. आपल्याकडे नाहीच्या मागून दुसरं वाक्य येतं. गुडघा दुखतो, मुलीला विचारते, पुढच्या वर्षी बघू. ते आलं की आपण आग्रह करतो आणि मग गाडी पुढे सरकते. मी त्या वाक्याची वाट बघत उंबऱ्याशी उभा राहिलो. त्याही उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं, आणि पुढचं वाक्य नव्हतंच. आयुष्यात पहिल्यांदा मी खरा होकार घेऊन कुणाच्या तरी दारात आलो होतो. त्यांनी कागद माझ्या हातात परत दिले आणि दार हळूच लावून घेतलं. माझ्याकडे मंजूर झालेली चौदा दिवसांची रजा होती, आणि तिचं काय करायचं हे विचारावं असं दुसरं कुणीही नव्हतं.